चहाचा च, चाकाचा च

"अगं, आली! आली एकदाची!"

असं ओरडत आमचे हे भर दुपारी दुकानात शिरले. माझ्या हातात बटणांचा खण होता, तो दचकून सांडला. मला वाटलं, यांची बहीण आली. ती आली की लवकर हलत नाही.

"कोण आली?"

"मशीन! दातांची मशीन! एआयवाली! तू आत्ताच्या आत्ता चल बघायला."

मी जमिनीवर बसून बटणं वेचतेय आणि हा माणूस समोर उभा राहून हातवारे करतोय. तोंडात छोटासा कॅमेरा फिरवला की पडद्यावर हिरड्या दिसतात म्हणे, आणि आपण नाक शिंकरेपर्यंत ती मशीन अख्खी कवळी आखून दाखवते. वरची, खालची, दातांसकट! ज्याला यांना मेण, प्लास्टर, स्पिरिटचा दिवा आणि आठवडा लागायचा, ते सगळं. मग शेजारी दुसरी मशीन बसलेली असते, ती कवळी छापून हातात देते.

"आणि तुम्ही काय करणार मग?" मी विचारलं.

हे थांबले. "मी? मी बघत होतो ना!" म्हणाले, आणि परत सुरू.

आता तुम्हीच सांगा, अशा माणसाबरोबर संसार कसा करायचा?

आमचे हे कवळ्या करतात. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली आहे. खिडकीखाली टेबल, टेबलावर गुलाबी भुकटीच्या बरण्या, प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, आणि कोपऱ्यात घासायची मोटर. डॉक्टरीणबाई पेशंटच्या तोंडाचं माप घेतात आणि आत पाठवतात, हे त्याच्यावर दात बसवतात. तरुणपणापासून एकच टेबल, एकच खुर्ची. रस्त्यात कोणी भेटलं तर लोक चेहरा बघतात, हे दात बघतात. पहिल्यांदा आमच्या दुकानात आले ते कोटाचं बटण घ्यायला. मी कशावरून तरी हसले, तर म्हणाले, "तुमचा वरचा डावा सुळा जरासा पुढे आहे. तो कधी कोणाला घासू देऊ नका हं." मला राग यायला हवा होता. मी लग्न केलं.

राग आला तो माझ्या आईला, आणि तो अजून उतरलेला नाही. तिला हवा होता ऑफिसात बसणारा. "जावई काय करतात, असं कोणी विचारलं तर काय सांगू? दात करतात?" असं ती लग्नाच्या आधी एकदा म्हणाली, आणि त्यानंतर जावई हा शब्दच तिने सोडून दिला. माझ्याशी बोलताना यांचा उल्लेख 'तुझा दातवाला'. तोंडावर हाक मारायची वेळ आली की ती खोकते. खरंच खोकते! यांनाही त्याची इतकी सवय झालीय, की तिला साधं पडसं झालं तरी हे दर खोकल्याला "काय आई?" म्हणत उठतात. वरून हसण्यावारी नेतात सगळं. पण एकदा आई शेजारणीच्या जावयाचं कौतुक सांगत होती, तेव्हा हे कितीतरी वेळ उगाच चष्मा पुसत बसले होते. मी पाहिलंय ते.

तर त्या मशीनबद्दल. संध्याकाळी जेवताना हे सहज बोलून गेले, "मॅडम म्हणाल्या, भाऊ, वर्षअखेरपर्यंत तुम्हीही असा आणि मशीनही असू दे. पुढचं मग बघू."

माझा घास हातातच राहिला. "काय म्हणाल्या?"

"मग बघू म्हणाल्या."

"अहो, बघू म्हणजे काय ते कळतं का तुम्हाला? बघू म्हणजे नाही! तान्ह्या पोराला कळतं ते! मी लहानपणी आईला सायकल मागितली, तेव्हा ती बघू म्हणाली होती. आली का सायकल?"

"मॅडम तशा नाहीत गं."

"अहो, नोकरी जातेय तुमची! बटणांच्या दुकानावर घर चालणार आहे का? आणि या वयात दुसरीकडे कोण घेणार तुम्हाला? तिथेही हीच बया येऊन बसलेली असणार!"

"तेच तर!" हे म्हणाले, आणि डोळे असे चमकले की मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. "सगळीकडे येणार ती. म्हणजे शिकायला हवीच. तुला माहितीये, ती दाताचा उतार किती सुरेख काढते? माझ्याहून सुरेख! मी आज नुसता टाळ्या वाजवायचा बाकी होतो."

त्या दिवसापासून मी तिचं नाव सवत ठेवलं. काम संपलं तरी हे तिच्यापाशी. घरी आले की तिच्याच गोष्टी. कुठलं बटण दाबलं की दात मोठे होतात, कुठलं दाबलं की ती रुसते. मी म्हणायचे, "जा, तिलाच वाढायला सांगा." तर म्हणायचे, "तिला हात नाहीत गं." इतकं गंभीरपणे सांगायचे की मला हसू फुटायचं, आणि हसू फुटलं म्हणून आणखी राग यायचा.

आणि नेमक्या त्याच दिवसांत आईचे उरलेसुरले दात गेले.

माझी आई आमच्याजवळच राहते, आणि ती म्हणजे आमच्या दुकानाचा आवाज. दुकान हे एवढंसं, दोन माणसं आत आली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. भिंतभर छोटे छोटे खण, प्रत्येक खणावर आतलं एकेक बटण शिवलेलं. पण लोक काही बटणांसाठी येत नाहीत हो. लोक आईची टकळी ऐकायला येतात. एका बटणासाठी आलेली बाई अर्धा तास उभी राहते आणि जाताना बटण विसरते. अशी माझी आई, दात गेल्यावर तोंडावर हात धरून बसायला लागली. गिऱ्हाईक आलं की मला कोपराने ढोसायची, तू बोल म्हणून. कवळीचा विषय काढला की मान फिरवायची. तुझ्या दातवाल्याच्या हातचे दात मी तोंडात घालणार नाही, हे तिने फार पूर्वीच जाहीर केलेलं होतं, आणि आमची आई एकदा बोलली की बोलली.

शेवटी मीच डोकं चालवलं. म्हटलं, "आई, आता हे नाही करत काही. मशीन करते."

तिने हात काढला तोंडावरून. "सगळं मशीन?"

"सगळं."

"त्याचा हात नाही लागणार?"

"बोटसुद्धा नाही."

"मग चालेल," आई म्हणाली.

यांना वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. छे! हे तर हवेत! "आईंची कवळी! मशीनवर!" कॅमेरा आईच्या तोंडात फिरला तसं हे पडद्यापुढे मुलासारखे उभे. आणि कवळी आली ती काय सांगू, पहिल्याच फटक्यात बसली! ना कुठे टोचतेय, ना हलतेय. आईने तिथेच दवाखान्यात सफरचंदाचा लचका तोडला. डॉक्टरीणबाईंनी यांच्या पाठीवर थाप मारली. हे म्हणाले, "मला कशाला मारताय, तिला मारा." आणि मशीनकडे बोट दाखवलं. मी मात्र मनात म्हटलं, इतकी छान बसली म्हणजे संपलंच की सगळं.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक बाई कोटाची बटणं घ्यायला आली. आई कितीतरी दिवसांनी पुढे सरसावून बसली आणि म्हणाली, "जाड हवीत की बारीक?"

म्हणजे तिला म्हणायचं होतं तसं. पण आलं भलतंच. आता हे लिहून कसं सांगू? आपल्या बोलण्यात च दोन आहेत बघा. चहाचा च वेगळा आणि चाकाचा च वेगळा. लिहायला एकच, पण म्हणून बघा. चाकाला जीभ दातांच्या मागे टेकते. ज चंही तसंच. जग म्हणजे दुनिया, आणि 'नीट जग की जरा' म्हणून आपण कोणाला दटावतो ते जग, दोन्ही सारखे लिहितो आणि वेगळे बोलतो. आईच्या तोंडून चाकाचा च गेला होता. सगळे आपले चहाचे. जाड मधला ज जेवणातल्या ज सारखा. चूक, चोर, जागा, जोर, सगळ्यांची तीच गत.

बाई हसली आणि सहज म्हणाली, "तुम्ही मूळच्या कुठल्या हो? बोलणं परकं वाटतं."

जन्मभर त्या गल्ल्यामागे बसलेल्या माझ्या आईला! आई उठली. आत गेली, कवळी काढून पेल्यात टाकली, आणि तोंडावर हात धरून येऊन बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्या बाईला बटणांसकट बाहेर काढावंसं वाटलं.

पण खोटं कशाला बोलू? त्याच क्षणी माझ्या मनात आणखी एक उकळी फुटली. सवत फसली! मशीनला जमलं नाही! संध्याकाळी हे घरात पाऊल टाकतात न टाकतात तोच मी सगळं सांगितलं आणि वर म्हटलं, "आता तुम्ही फक्त गप्प बसायचं. आई उद्या दवाखान्यात तक्रार करेल. आणखी चार जणांच्या येतील. मशीन जाईल परत, आणि तुमची खुर्ची तुम्हाला!"

यांनी ऐकून घेतलं. मग आईसमोर खुर्ची ओढून बसले. "आई, कवळी घाला आणि जरा म्हणा बघू माझ्यामागून. जुन्या चाकाला जाड चामडं, चोर चढला चाचपडत."

हे यांचं जुनं खूळ. कवळी अजून मेणात असताना ती पेशंटच्या तोंडात घालून बघायला हे आतल्या खोलीतून बाहेर यायचे आणि पेशंटशी गप्पा मारत बसायचे. हे असलं काहीतरी म्हणायला लावायचे. पेशंट हसायचे. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, भाऊ, पुरे झाली करमणूक. यांनाही ती करमणूकच वाटायची. मशीन आली आणि मेणच गेलं, तशा गप्पाही गेल्या. कवळी पहिल्याच फटक्यात बसतेय म्हटल्यावर बोलायचं कशाला?

आईने खोकून दाखवलं, म्हणजे म्हणणार नाही. हे हलले नाहीत. शेवटी ती पुटपुटली. जुन्या चाकाला, जाड चामडं, सगळं चहाच्या च मध्ये. हे डोळे मिटून ऐकत होते. आणि मला दिसलं, यांचा उजवा अंगठा आपला हवेत काहीतरी खरवडतोय.

"अहो, अंगठ्याला काय झालं?"

"कुठे काय?"

"हलवताय ना मघापासून! काहीतरी खरवडल्यासारखा!"

यांनी अंगठ्याकडे बघितलं. अंगठा थांबला. मग हे असे ताडकन उठले की खुर्ची मागे पडली. "अगं! मी खरवडतो! गप्पा मारता मारता मी कवळीचा टाळू खरवडतो! पुढच्या दातांच्या मागचं मेण! च येईपर्यंत खरवडतो, आणि मला पत्ताच नाही! आजवर पत्ता नाही!"

"ओरडू नका, शेजारी येतील."

"येऊ देत! अगं, मशीन टाळू सगळीकडे सारख्या जाडीचा करते. तिला वाटतं, तसाच हवा. तिचं काय चुकलं? तिला कान कुठे आहेत? मीच यावेळी बोलत बसलो नाही. चूक माझी आहे!"

आईने कवळी हातात धरून यांच्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बरं झालं. म्हणजे तिला न येणारी एक गोष्ट तुमच्याजवळ आहे. ठेवा झाकून."

"झाकून? मी उद्याच तिला शिकवणार!"

माझं डोकंच फिरलं. "स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय? एवढं एकच उरलंय तुमच्यापाशी, तेही तिच्या घशात घालणार?"

हे कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी चढवला. "तुझी आई तोंडावर हात धरून बसलीय, आणि मी माझी खुर्ची सांभाळत गप्प बसू? आणि शिकली तरी तिला सांगणार कोण, की हा च बरोबर आला आणि हा नाही? मी ना! उद्या तिला कानही फुटतील. फुटू देत! तेव्हा आणखी काय येत नाही ते शोधू. अगं, मी हाताने एक टाळू बदलायचो तर दिवस जायचा. ती एका दमात तीन करेल! तीन!"

मी मागे पडलेली खुर्ची उचलून ठेवली. रागाने नव्हे. हा माणूस मला त्या क्षणी फार आवडला, आणि ते सांगायची ती वेळ नव्हती.

सकाळी आम्ही दुकानाला कुलूप लावून दवाखान्यात. यांनी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं, अंगठ्यासकट. मला वाटलं, त्या उडवून लावतील. त्या खुर्चीत पुढे सरकल्या. "भाऊ, जीभ नेमकी कुठे टेकते ते बघायचा एक प्रकार आम्हाला कॉलेजात शिकवला होता. टाळूवर भुकटी लावायची, शब्द म्हणायला लावायचं, जीभ लागेल तिथली पुसली जाते. मी जन्मात कधी केला नाही. करायचा का?"

"करायचा का काय विचारता, मॅडम!"

आणि मग जी काही धमाल सुरू झाली! कवळीच्या टाळूवर पांढरी भुकटी. ती आईच्या तोंडात. "म्हणा आई, जा!" आई म्हणाली, जा. कवळी बाहेर. भुकटीत जिभेचा ठसा, पण दातांपासून मागे, भलत्याच जागी. यांनी तो ठसाच कॅमेऱ्याखाली धरला. पडद्यावर आईच्या जिभेची खूण! "बघा, इथे जाडी आडवी येतेय," हे म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी मशीनला विचारलं, इथे पातळ केलं तर मजबुती राहील का? मशीनने झटक्यात तीन आकार काढून दाखवले, आणि कुठला चिरेल तेही सांगितलं. यांना ते कधीच कळलं नसतं. चिरल्यावर कळलं असतं. हे तर आनंदाने तिच्या पडद्यालाच थोपटायला लागले. "शाबास! शाबास!" मी म्हटलं, सवतीला शाबासकी, आणि बायको उभी. डॉक्टरीणबाई खो खो हसल्या.

तीन टाळूंच्या तीन कवळ्या एकाच घाण्यात छापून आल्या. बाहेर बाकावर बसलेले पेशंट एव्हाना दारात गर्दी करून उभे होते. पहिला टाळू. "गाईला चार, चार पेंढ्या," आई म्हणाली. यांनी मान हलवली. पहिला चार चारायचा, दुसरा मोजायचा, पण आले दोन्ही सारखेच. दुसरा टाळू. आता शिट्टी वाजायला लागली! चाक म्हटलं की शिट्टी, चोर म्हटलं की शिट्टी. दारातले लोक हसले, आणि मला वाटलं आता आई उठून जाते. आई उठली नाही. तीही हसली, तोंडावर हात न धरता! "गाडी सुटली वाटतं," म्हणाली, आणि पुन्हा शिट्टी. सगळ्यांची हसून मुरकुंडी वळली.

हे मात्र डोळे मिटून बसलेले. अंगठा हवेत. "पहिला आणि दुसरा यांच्या मध्ये," म्हणाले. "पण डावीकडे जरा जास्त. आईंची जीभ डावीकडून येते." तिसरा टाळू घेतला आणि हाताने, मोटरवर, जेमतेम स्पर्श करावा इतका घासला. भुकटी लावली. आईच्या हातात दिला.

आई म्हणाली, "जुन्या चाकाला जाड चामडं, चोर चढला चाचपडत."

अहो, काय सांगू! माझी आई परत आली! तोच आवाज, तोच फटकारा, चाकाचा च चाकात आणि जाड चा ज जाड! तिने पुन्हा म्हटलं, जोरात. मग तिला थांबवता येईना. चोर, चूल, चोच, जागा, जुना, जाच, जे सुचेल ते. दारातले लोकही बरोबर म्हणायला लागले. अख्खा दवाखाना चोर चोर करत होता. मी रडत होते आणि हसत होते, आणि मध्येच मीही चोर म्हणत होते.

डॉक्टरीणबाई यांना म्हणाल्या, "भाऊ, त्या कोपऱ्यातलं स्टूल काढून तुमची खुर्ची इथे आणून ठेवा, पेशंटसमोर. गेल्या महिन्यात आपण मशीनवर ज्यांच्या कवळ्या केल्या त्या सगळ्यांना मी उद्यापासून बोलावते. ऐका तुम्ही सगळ्यांचं."

"आणि वर्षअखेर?" हे तोंड माझंच. राहवलं नाही.

"वर्षअखेरचं काय? अहो, हे गेले तर मशीनला ऐकून सांगणार कोण?" त्या म्हणाल्या. बघू नाही म्हणाल्या. मी नीट लक्ष देऊन ऐकलं.

आम्ही निघालो. हे दारापर्यंत सोडायला आले, अंगभर पांढरी भुकटी. बाकावरच्या एका म्हातारबुवांनी आईला विचारलं, "कोण हो हे, ज्यांनी दात केले?"

आईने यांच्याकडे बघितलं. मी वाट बघत होते, आता खोकेल.

"हा?" आई म्हणाली. "हा माझा जावई."

माझे जावई म्हणाली असती तर रीतसर झालं असतं. पण माझे मधला झ सोपा, चहाच्या च च्या जातीचा. आईने अवघड तो घेतला. आणि तो असा खणखणीत आला, जावई मधला ज ही आला, की बाहेरच्या फुटपाथवर ऐकू गेला असेल.

हे तसेच उभे. चष्मा काढला. मग म्हणाले, "आई, परत एकदा म्हणा बघू."

"का? चुकलं का काही?" आईने घाबरून तोंडाला हात लावला.

"नाही," हे म्हणाले. "तरी म्हणा."

आईने पुन्हा म्हटलं. यांनी डोळे मिटून ऐकलं, आणि यावेळी अंगठा हलला नाही.